तालुक्याच्या ग्रंथालयाला सिमँटिक वेब कशासाठी हवे?

दर्यापूर, दारव्हा, आर्वी किंवा सिंदेवाही अशा एखाद्या तालुक्याच्या गावातील सार्वजनिक ग्रंथालयात विद्यार्थी येतो आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांविषयी तुमच्याकडे काय काय आहे, असे विचारतो. ग्रंथपाल संगणकावर ‘तुकडोजी महाराज’ असे टाइप करतात. समोर आलेल्या यादीत महाराजांनी स्वतः रचलेले ग्रंथ असतात, इतरांनी लिहिलेली त्यांची चरित्रे असतात आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या अभ्यासक्रम-पुस्तिका व अहवालही त्यातच मिसळलेले असतात. उलट ज्या पुस्तकावर केवळ ‘राष्ट्रसंत’ किंवा ‘वंदनीय महाराज’ एवढेच छापले आहे, ते कपाटात असूनही यादीत येत नाही. यात संगणकाचा दोष नाही आणि टाइप करणाऱ्याचाही नाही. नोंदीत आपण संगणकाला अक्षरे दिली होती आणि त्याने ती जुळवून दाखवली. ही अक्षरे एका ठिकाणी माणसाचे नाव आहेत आणि दुसऱ्या ठिकाणी विद्यापीठाचे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नव्हते. ते सांगण्याची रीत म्हणजे सिमँटिक वेब, आणि ज्या सामग्रीतून ते सांगितले जाते ती म्हणजे मेटाडेटा.

मेटाडेटा हे नाव नवे वाटले तरी ते काम प्रत्येक ग्रंथपाल रोज करतो. दाखल नोंदवहीतील प्रत्येक ओळ, म्हणजे दाखल क्रमांक, लेखक, शीर्षक, प्रकाशक, प्रकाशन वर्ष, पृष्ठे, किंमत, ही त्या पुस्तकाविषयीची माहिती आहे. पुस्तकातील मजकूर नव्हे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ सालचा आहे आणि त्याखाली अ, ब, क, ड अशा वर्गांत मान्यता मिळालेल्या आपल्या ग्रंथालयांत ही नोंदवही तपासणीच्या वेळी पहिल्यांदा उघडली जाते. मात्र ती मुख्यतः मालमत्तेचा हिशेब ठेवण्यासाठी आहे. वाचकाला पुस्तक सापडावे यासाठी तालिका असते, आणि आपल्याकडे अनेक ठिकाणी संगणकीकरण म्हणजे दाखल नोंदवही जशीच्या तशी एक्सेलमध्ये उतरवणे, एवढाच अर्थ घेतला गेला. त्यामुळे हिशेब संगणकावर आला खरा, परंतु तालिका राहूनच गेली.

तालिकेची परंपरा मोठी आहे. ड्युई यांची दशांश वर्गीकरण पद्धती १८७६ सालची असून तिच्यात मराठी साहित्याला ८९१.४६ हा वर्गांक आहे. रंगनाथन यांची कोलन पद्धती १९३३ साली आली. पुढे १९६० च्या दशकात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट ॲव्हरम यांच्या नेतृत्वाखाली मार्क हा संगणकाला वाचता येणाऱ्या ग्रंथनोंदीचा नमुना तयार झाला. त्यात लेखकाचे नाव १०० क्रमांकाच्या क्षेत्रात, शीर्षक २४५ मध्ये आणि विषय ६५० मध्ये जातो, आणि हे क्रमांक सगळीकडे तेच असल्यामुळे एका ग्रंथालयाची नोंद दुसऱ्याला जशीच्या तशी उचलता येते. मार्कचे पूर्ण रूप लहान ग्रंथालयाला जड जाते, हे मान्य केले पाहिजे. १९९५ साली अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या डब्लिन या गावी झालेल्या बैठकीतून डब्लिन कोअर नावाचा सुटसुटीत संच पुढे आला. त्यात शीर्षक, निर्माता, विषय, तारीख, प्रकार, भाषा, हक्क असे केवळ पंधरा घटक आहेत आणि त्यांपैकी एकही सक्तीचा नाही.

तथापि मार्क घ्या किंवा डब्लिन कोअर, रकान्यात शेवटी अक्षरेच भरली जातात. लेखकाच्या रकान्यातील तुकडोजी, विषयाच्या रकान्यातील तुकडोजी आणि प्रकाशकाच्या रकान्यातील तुकडोजी यांचे एकमेकांशी नाते काय, हे वाचणाऱ्या माणसाला कळते; यंत्राला ते वेगळे सांगावे लागते.

वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी आपल्या दोन सहकाऱ्यांसह २००१ साली एक लेख लिहून सिमँटिक वेबची कल्पना सर्वसामान्य वाचकांपुढे मांडली. तिचा तांत्रिक पाया म्हणजे आरडीएफ हे मानक. ते त्याआधी, १९९९ मध्येच आले होते. आरडीएफची मूळ कल्पना अगदी साधी आहे. कोणतीही माहिती तीन पदांच्या छोट्या विधानांत मोडायची: एक वस्तू, तिचे नाते आणि दुसरी वस्तू. ‘ग्रामगीता – लेखक – तुकडोजी महाराज’ हे एक विधान झाले. ‘तुकडोजी महाराज – जन्मस्थान – यावली’ हे दुसरे आणि ‘यावली – जिल्हा – अमरावती’ हे तिसरे. पहिल्या विधानाच्या शेवटी जी वस्तू आहे तिथूनच दुसरे विधान सुरू होते, म्हणून ही विधाने एकमेकांत गुंतत जातात आणि त्यांचे जाळे तयार होते. आता ‘अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या लेखकांची आमच्याकडील पुस्तके दाखवा’ असा प्रश्न विचारता येतो. आपल्या तालिकेत लेखकाच्या जन्मस्थानाचा रकाना कधीच नव्हता आणि तो असण्याची गरजही नाही. ते विधान जगात दुसऱ्या कोणीतरी करून ठेवलेले आहे आणि आपली नोंद त्याला जाऊन जोडली गेली आहे. असे प्रश्न विचारण्याची जी भाषा आहे तिला स्पार्कल म्हणतात. ग्रंथपालाला ती शिकावीच लागेल असे नाही.

परंतु ही जोडणी होण्यासाठी एक अट आहे. दोन्हीकडचे तुकडोजी महाराज एकच आहेत, हे नावावरून नव्हे तर क्रमांकावरून ठरले पाहिजे. खेड्यात जमिनीचा व्यवहार होतो तेव्हा सातबारा शेतकऱ्याच्या नावावरून नव्हे, तर गट क्रमांकावरून पाहिला जातो, कारण एका गावात एकाच नावाचे चार कास्तकार असू शकतात आणि शेताचा मालक बदलला तरी गट तोच राहतो. शिवाय नुसता गट क्रमांक ११४ म्हणून भागत नाही. गाव, तालुका आणि जिल्हा लिहिला तरच ते शेत महाराष्ट्रात एकमेव ठरते. आपला दाखल क्रमांकही असाच केवळ आपल्या ग्रंथालयापुरता खरा असतो. सिमँटिक वेबमध्ये प्रत्येक व्यक्ती, स्थळ, ग्रंथ आणि विषय यांना जगभरात एकमेव ठरेल असा पूर्ण पत्ता दिला जातो. त्याला यूआरआय म्हणतात, आणि तो दिसायला एखाद्या संकेतस्थळाच्या पत्त्यासारखाच असतो.

असे क्रमांक आपण नव्याने तयार करत बसण्याचे कारण नाही. व्हिआफ नावाच्या आंतरराष्ट्रीय नामसूचीत अनेक देशांच्या राष्ट्रीय ग्रंथालयांनी प्रमाणित केलेली लेखकांची नावे एकत्र आणून प्रत्येकाला एक क्रमांक दिलेला आहे. २०१२ मध्ये सुरू झालेला विकिडेटा हा प्रकल्प व्यक्ती, गावे, नद्या, पिके, संस्था अशा कशालाही क्यू या अक्षराने सुरू होणारा क्रमांक देतो आणि त्याची माहिती कोणालाही विनामूल्य वापरता येते. अमरावती जिल्ह्यातीलच दुसरे थोर नाव घेतले तर मुद्दा अधिक स्पष्ट होईल. गाडगे महाराज, गाडगेबाबा, संत गाडगे महाराज, डेबूजी झिंगराजी जानोरकर ही सर्व एकाच व्यक्तीची नावे आहेत आणि पुस्तकांवर ती सगळी छापलेली आढळतात. क्रमांक एकच असला की वाचकाने यांपैकी कोणतेही नाव टाइप केले तरी सर्व पुस्तके समोर येतात. अमरावतीच्या विद्यापीठालाही त्यांचे नाव आहे, परंतु विद्यापीठ ही वेगळी वस्तू असल्याने तिचा क्रमांक वेगळा राहतो आणि सुरुवातीला सांगितलेला गोंधळ मुळातच होत नाही. मराठी लेखकांच्या बाबतीत आणखी एक सोय आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसचे दिल्ली कार्यालय १९६२ पासून भारतीय भाषांतील पुस्तके गोळा करत आलेले आहे, त्यामुळे विदर्भातल्याही अनेक लेखकांची नावे रोमन लिपीत का होईना, परंतु या सूचींत आधीपासून आहेत. ती शोधून आपल्या देवनागरी नोंदीला जोडणे, एवढेच काम उरते.

स्थळांच्या बाबतीत तर नावावर विसंबून चालतच नाही. १९०९ साली चांदा जिल्ह्याचे गॅझेटिअर निघाले. आज चांदा या नावाचा जिल्हा नाही. तो चंद्रपूर झाला आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली वेगळा निघाला. कुरखेड्याचा एखादा अभ्यासक आपल्या भागाचा जुना इतिहास शोधताना ‘गडचिरोली’ असे टाइप करील, तर ते गॅझेटिअर त्याच्यापुढे येणार नाही, कारण त्याच्या शीर्षकात तो शब्द असणे शक्यच नाही. ‘गडचिरोली जिल्हा – कशातून वेगळा झाला – चंद्रपूर जिल्हा’ आणि ‘चंद्रपूर जिल्हा – जुने नाव – चांदा’ ही दोन विधाने कुठेतरी नोंदलेली असतील आणि गॅझेटिअरची नोंद स्थळाच्या क्रमांकाला जोडलेली असेल, तर यंत्राला तिथपर्यंत पोचता येते. अकोल्यातून १९९८ मध्ये वाशीम आणि भंडाऱ्यातून १९९९ मध्ये गोंदिया वेगळे झाले, तिथेही हेच लागू आहे.

विषयांचा प्रश्न माझ्या मते आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण ग्रामीण ग्रंथालयात येणाऱ्या प्रौढ वाचकाला पुष्कळदा लेखकाचे नाव माहीत नसते, विषय माहीत असतो. वऱ्हाडातला कास्तकार उभ्या पिकाला पऱ्हाटी म्हणतो, पुस्तकाच्या शीर्षकात ‘कापूस लागवड’ असते आणि कृषी विद्यापीठाच्या घडीपत्रिकेत ‘कपाशी’ छापलेले असते. बोंडे पोखरणाऱ्या ज्या अळीने तो हैराण झालेला आहे, तिला कुठे गुलाबी बोंडअळी तर कुठे शेंदरी बोंडअळी म्हटले जाते. अशा वेळी संकल्पनेला क्रमांक द्यायचा, त्या क्रमांकाखाली एक नाव मुख्य म्हणून ठरवायचे आणि बाकीची पर्यायी म्हणून नोंदवायची, अशी व्यवस्था स्कॉस या मानकाने केलेली आहे. ते २००९ साली पक्के झाले. त्यात संकल्पनांची आपसातील नातीही सांगता येतात. गुलाबी बोंडअळी ही ‘कापसावरील किडी’ या व्यापक विषयाखाली येते आणि ‘कामगंध सापळे’ हा तिचा संबंधित विषय होतो. त्यामुळे किडींवरील पुस्तक मागणाऱ्याला सापळ्यांवरची पुस्तिकाही दिसू शकते, जी त्याने मागितली नव्हती पण जिची त्याला खरी गरज होती. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने ॲग्रोव्होक नावाचा बहुभाषक शब्दसंग्रह याच पद्धतीने उघडा ठेवला आहे आणि त्यात हिंदीही आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या परिसरात वापरात असलेले मराठी आणि वऱ्हाडी शब्द त्या क्रमांकांना जोडण्याचे काम एखादे ग्रंथालय आपल्यापुरते, शंभरेक संकल्पनांपासून सुरू करू शकते. यासाठी लागणारे ज्ञान सॉफ्टवेअर कंपनीकडे नाही. ते देवघेवीच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाकडे आहे.

आता एका किचकट, परंतु टाळता न येणाऱ्या गोष्टीकडे वळतो. वर ‘वऱ्हाड’ आणि ‘पऱ्हाटी’ हे शब्द आले. त्यांतील अर्धा र संगणकात दोन प्रकारे साठवला जाऊ शकतो. एका प्रकारात खाली टिंब असलेला ऱ, त्यानंतर हलंत आणि मग ह येतो. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलंत, त्यानंतर डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह आणि मग ह येतो. पडद्यावर आणि छापील कागदावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात, परंतु संगणकाच्या दृष्टीने ते दोन वेगळे शब्द असतात आणि एक शोधला तर दुसरा सापडेलच याची खात्री नसते. ‘ॲ’ हे अक्षरही असेच दोन प्रकारे टाइप होते: स्वतंत्र अक्षर म्हणून, किंवा अ वर चंद्र देऊन. ग्रंथालयात दोघे जण नोंदी करत असतील आणि एक जण संगणकाच्या कळफलकावर, तर दुसरा मोबाइलवर टाइप करत असेल, तर वऱ्हाडाविषयीची निम्मी पुस्तके एका शोधात आणि निम्मी दुसऱ्या शोधात सापडतात, आणि कारण कोणाच्याच लक्षात येत नाही. यावर उपाय म्हणजे एकच पद्धत ठरवून जुन्या नोंदी ‘शोधा व बदला’ या सोयीने एकदा सारख्या करून घेणे. ज्यांच्या नोंदी युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांसाठीची सामायिक संकेतपद्धती, येण्यापूर्वीच्या फाँटमध्ये आहेत त्यांचे काम याहून आधीचे आहे. त्या फाँटमध्ये पडद्यावर देवनागरी दिसत असली तरी आत रोमन अक्षरे आणि चिन्हे साठलेली असतात, म्हणून प्रथम सर्व मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो आणि बदलल्यानंतर जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावी लागतात.

इथवरचे विवेचन वाचून, हे सर्व परदेशातील मोठ्या ग्रंथालयांचे काम आहे, असे कोणाला वाटेल. स्वीडनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २००८ मध्ये आपली सामायिक तालिका जोडलेल्या विधानांच्या रूपात खुली केली, हे खरे आहे. मार्कची जागा घेण्यासाठी लायब्ररी ऑफ काँग्रेस बिबफ्रेम हा नवा नमुना विकसित करत आहे, हेही खरे. त्यामागचा विचार मात्र आपल्याही कामाचा आहे: ग्रामगीतेचा मूळ मराठी पाठ आणि तिचा हिंदी अनुवाद या एकमेकींना जोडलेल्या दोन कृती, एखाद्या वर्षी छापलेली आवृत्ती हे त्यांतील एकीचे प्रकाशित रूप आणि आपल्या कपाटातील पुस्तक ही त्याची एक प्रत. या तीन पातळ्या वेगळ्या ठेवल्या की वाचकाला प्रत दिली गेली आहे की दुसरी आवृत्ती उपलब्ध आहे, हे एका दृष्टिक्षेपात सांगता येते. मात्र बिबफ्रेम आजच आपल्या ग्रंथालयात आणण्याची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याऐवजी जे साहित्य जगात दुसऱ्या कोणाकडेच नाही, त्याच्या नोंदीवर वेळ खर्च करावा. विकत घेतलेल्या लोकप्रिय कादंबरीची नोंद कोणत्याही मोठ्या ग्रंथालयाकडून मिळते. शाळेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, पूर्व विदर्भातील झाडीबोलीत लिहिलेला आणि गावच्याच छापखान्यात छापलेला कवितासंग्रह, दंडारीच्या गीतांची वही किंवा झाडीपट्टीतील नाटकाचे हँडबिल यांची नोंद मात्र आपण केली नाही तर ती कधीच होणार नाही. वडसा हे झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र. मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतींच्या) निमित्ताने तिथल्या नाट्यमंडळांचे प्रयोग गावोगाव रात्रभर होतात आणि त्यांची हँडबिले हंगाम संपला की रद्दीत जातात. असे एक हँडबिल समोर घेऊन डब्लिन कोअरचे घटक भरून पाहावेत. नाटकाचे नाव हे शीर्षक, नाटककार हा निर्माता, नाट्यमंडळ आणि कलावंत हे सहभागी, प्रयोगाचे गाव ही व्याप्ती, आणि हँडबिल हा प्रकार. अडचण तारखेची येते, कारण हँडबिलावर तारीख आणि वार असतात, पण साल पुष्कळदा नसते. तारीख-वाराच्या जोडीवरून साल काढता येते, परंतु तीच जोडी पाच, सहा किंवा अकरा वर्षांनी पुन्हा येत असल्याने तिकिटाचा दर, दूरध्वनी क्रमांकातील आकड्यांची संख्या किंवा छापखान्याचे नाव अशा दुसऱ्या खुणेचा आधार घ्यावा लागतो. असे ठरवलेले साल चौकटी कंसात लिहिण्याची तालिकीकरणाची जुनी प्रथा आहे. ती इथे काटेकोरपणे पाळावी, म्हणजे कागदावर छापलेली माहिती कोणती आणि ग्रंथपालाने अनुमानाने भरलेली कोणती, हे पुढच्या वापरणाऱ्याला कळते.

ज्या स्थानिक लेखकाचा क्रमांक कुठेच सापडत नाही, त्याच्यासाठी विश्वसनीय छापील आधार हाती असेल तर विकिडेटावर नवी नोंद करता येते. मात्र विकिडेटावर कोणीही बदल करू शकतो, म्हणून तिथून जन्मसाल किंवा जन्मगाव उचलताना मूळ आधार पाहून घ्यावा. जिवंत लेखकाचा पत्ता किंवा दूरध्वनी क्रमांक अशा नोंदीत कधीही घालू नये. देवघेवीची नोंद हासुद्धा मेटाडेटाच आहे, परंतु कोणत्या वाचकाने कोणते पुस्तक नेले ही माहिती ग्रंथालयाच्या बाहेर जाण्याचे काहीच कारण नाही.

प्रत्यक्ष सुरुवात करण्यासाठी नवे सॉफ्टवेअर लागत नाही. सध्याच्या एक्सेलमध्ये लेखकाच्या रकान्याशेजारी ‘लेखक क्रमांक’ आणि विषयाशेजारी ‘विषय क्रमांक’ असे दोन रकाने वाढवावेत आणि ज्या लेखकांची पुस्तके सर्वाधिक आहेत त्यांच्यापासून क्रमांक भरत जावे. एकदा भरलेला क्रमांक त्या लेखकाच्या सर्व पुस्तकांपुढे कॉपी करून चिकटवता येतो, त्यामुळे पहिल्या काही दिवसांनंतर काम झपाट्याने पुढे सरकते. वीज आणि इंटरनेट यांचा भरवसा नसेल तर क्रमांक शोधण्याचे काम मोबाइलवर करून ते वहीत उतरवून ठेवावेत. क्रमांक सहसा बदलत नसल्याने ते नंतर भरले तरी चालतात. पुढे ग्रंथालय कोहासारख्या मुक्त स्रोत प्रणालीवर गेले तर हे क्रमांक मार्कच्या त्यासाठीच राखलेल्या उपक्षेत्रांत जातात. तयार सॉफ्टवेअर विकत घेणार असाल, तर परिरक्षण अनुदानातील पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याकडून लेखी घ्यावे की सर्व नोंदी युनिकोडमध्ये आणि मार्क किंवा साध्या सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या मजकुराच्या) स्वरूपात ग्रंथालयाला केव्हाही, वेगळे शुल्क न आकारता काढून घेता येतील. मग त्याच्यासमोरच दहा नोंदी काढून, त्या दुसऱ्या संगणकावर उघडून ‘वऱ्हाड’ हा शब्द शोधून पाहावा.